तुझं गाव कोणतं? उत्तर संकेतस्थळावर लिही!

‘माझं गाव’ या विषयावर पूर्वी निबंध लिहायला सांगत. आता अनेक शाळांत त्याच विषयावर छोटं संकेतस्थळ करायला सांगतात. विषय तोच आहे, वही तेवढी बदलली. अडचणही जुनीच आहे. मुलं लोकसंख्या, हवामान, प्रेक्षणीय स्थळं आणि प्रसिद्ध पदार्थ असे चार परिच्छेद उतरवून काढतात, वर विमानतळाचा फोटो लावतात आणि काम संपतं. अशा संकेतस्थळात गावाचं नाव बदललं तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

रायपूरसारख्या शहरात वाढणाऱ्या मराठी मुलांपुढे तर त्याआधीचाच एक प्रश्न असतो. नातेवाइकांनी ‘तुझं गाव कोणतं?’ असं विचारलं, की घरातले मोठे चटकन अमरावती, भंडारा, वर्धा असं काहीतरी सांगतात. मुलाचा जन्म रायपूरचा, शाळा रायपूरची, मित्र रायपूरचे, आणि ‘गाव’ मात्र जिथे तो वर्षातून आठ दिवस जातो ते! या प्रकल्पाच्या निमित्ताने हा प्रश्न घरात बोलून टाकावा. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या गल्लीतला किराणा दुकानदार तुम्हाला नावाने ओळखतो, ते तुमचं गाव. आजोबांचं गाव त्यामुळे पुसलं जात नाही. ते आजोबांच्या पानावर येईल.

या वेळी आपण रायपूरचं उदाहरण घेऊन अशा संकेतस्थळाची आखणी करू. तुम्ही इंदूरला, बडोद्याला, बेळगावला किंवा लातूरला असाल, तरी पद्धत हीच.

आधी चौकट लहान करा

‘संपूर्ण रायपूर’ हा विषय सहा आठवड्यांत झेपणारा नाही. २०११ च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास पोचलेलं हे शहर आहे. तुमच्या पायांना पुरेल एवढाच भाग घ्या: एक मोहल्ला, एक बाजार, एक तलाव आणि त्याभोवतीची वस्ती. मग एक प्रश्न ठरवा. त्याचं उत्तर इंटरनेटवर आधीच तयार मिळत असेल, तर तो प्रश्न सोडून द्या.

एक उदाहरण देते. रायपुरात तात्यापारा नावाचा भाग आहे. छत्तीसगडात ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. पण हे तात्या कोण? तिथे राहणाऱ्या सर्वांत वयस्कर तीन माणसांना विचारा. तिघांनी तीन उत्तरं दिली तर तिन्ही लिहा. त्यातूनच तुमचं पहिलं चांगलं पान तयार होईल.

पानं पाच पुरेत. रायपूरसाठी मी सुचवीन ती अशी.

पान पहिलं: घर एक, राजधान्या तीन

सुरुवात सनावळीने करा, पण ती एका घराच्या नजरेतून मांडा. रायपूर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ज्या राज्यात होतं, त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूरच्या लोकांची राजधानी भोपाळ झाली. बरोबर ४४ वर्षांनी, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगड राज्य झालं आणि राजधानी घराशीच आली. जुन्या रायपूरकर आजीने घर न बदलता तीन राजधान्या पाहिल्या!

इतकी मराठी कुटुंबं इथे का, याचं निम्मं उत्तर या सनावळीतच आहे. राजधानी नागपूर असताना नोकरीसाठी आणि बदलीवर नागपूरकडून रायपूरला येणं म्हणजे परराज्यात जाणं नव्हतं. रेल्वेनेही माणसं आणली. १८८० च्या दशकात नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेज आली. पुढे बंगाल नागपूर रेल्वेने ती ब्रॉडगेज करून रायपूरवरून पूर्वेकडे नेली. त्याआधीच्या प्रवासाची कल्पना यावी म्हणून एक आठवण सांगते. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, वडिलांच्या कामानिमित्त रायपूरला आला, तेव्हा आगगाडी नागपूरपर्यंतच होती. पुढचं अंतर बैलगाडीने कापावं लागलं. ते सुमारे ३०० किलोमीटर आहे. आज रायपूरच्या विमानतळाला त्याच मुलाचं नाव आहे.

त्याच्याही मागे जायचं असेल तर भोसल्यांचा काळ आहे. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत सैन्य घेऊन रतनपूरला आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथूनच छत्तीसगडाचा कारभार पाहू लागले. १८१८ मध्ये कारभार ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाती आला आणि त्यांनी मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. हे लिहिताना फक्त अभिमानाने लिहू नका. बिंबाजींनंतरच्या सुभेदारीत छत्तीसगडातल्या रयतेकडून झालेल्या जाचक वसुलीबद्दलही इतिहासात लिहिलेलं आहे. तुमचा छत्तीसगढी मित्रही हे पान वाचणार आहे. त्याला ते खरं वाटलं पाहिजे.

पान दुसरं: एक माणूस

गावावर पान लिहिण्यापेक्षा माणसावर लिहिणं सोपं जातं. रायपूरच्या मराठी मुलांसाठी माधवराव सप्रे यांच्याइतकं योग्य नाव दुसरं नाही. जन्म १८७१ चा, घर मराठी, आणि आयुष्यभराचं काम हिंदीत! त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक सुरू केलं. ते तीन वर्षं चाललं. १९०१ मध्ये त्यात आलेली ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची कथा हिंदीतल्या अगदी सुरुवातीच्या कथांमध्ये मोजली जाते. टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा आणि समर्थांच्या ‘दासबोधा’चा त्यांनी हिंदी अनुवाद केला. टिळकांच्या ‘केसरी’वरून प्रेरणा घेऊन नागपूरहून ‘हिंद केसरी’ काढला, आणि १९०८ मध्ये त्यांना अटक झाली. पुढची बरीच वर्षं रायपुरात गेली, आणि १९२६ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या नावाची शाळा रायपुरात आहे. तिच्यासमोरून रोज जाणाऱ्या किती मुलांना हे माहीत असेल? शाळेतल्या दहा मुलांना विचारून तो आकडा तुमच्या पानावर टाका. इंटरनेटवर कुठेही न मिळणारी माहिती म्हणतात ती हीच.

दुसऱ्या कुणावर लिहायचं असेल तर हबीब तन्वीर आहेत. ‘चरणदास चोर’ जगभर नेणारे हे नाटककार १९२३ मध्ये रायपुरातच जन्मले. ज्ञानपीठ मिळालेले हिंदी लेखक विनोदकुमार शुक्ल आहेत. त्यांचं बहुतेक आयुष्य याच शहरात गेलं.

पान तिसरं: पाणी

रायपूर हे तलावांचं शहर. बुढा तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. तेलीबांध्याच्या काठाला तरुण मंडळी ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. कंकाली तलावाच्या मधोमध महादेवाचं छोटं मंदिर पाण्यात आहे. महाराजबंध तर नावातच राजा घेऊन बसलाय. आणि रजबंधा मैदान? नावात ‘बंधा’ आहे आणि जागेवर मैदान! जिथे पाण्याचं नाव आहे पण पाणी नाही, अशा जागा शोधा. बुजलेल्या तलावाची खूण शहरात बहुतेकदा नावातच उरते.

या पानाला नकाशा हवा. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला नकाशा आहे. योग्य श्रेय दिलं की तो मोकळेपणाने वापरता येतो. त्यावर आजचे तलाव एका रंगात दाखवा आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेले, आता नसलेले तलाव दुसऱ्या रंगात. पावसाळ्यात ज्या गल्लीत पाणी तुंबतं ती तिसऱ्या रंगात दाखवा. नकाशा पुरा झाला की तिन्ही रंग एकमेकांजवळ येतात का, ते पाहा.

पान चौथं: पोळा आणि पोरा

सणांचं पान म्हटलं की मुलं दिवाळीपासून होळीपर्यंत सगळी यादी देतात. ते नको. एकच सण घ्या. विदर्भात पोळा असतो, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि मुलं लाकडी नंदीबैल सजवून निघतात. छत्तीसगडात त्याच दिवशी पोरा असतो. तिथे मुलांच्या हाती मातीचे, चाकांचे नंदिया बैल येतात, मुलींना मातीची जाती आणि चुली मिळतात, आणि घरात ठेठरी-खुरमी होते. बैल दोन्हीकडे आहे. एकीकडे तो लाकडाचा, दुसरीकडे मातीचा. दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावा. रायपूरच्या मराठी घराची गोष्ट त्या दोन फोटोंत येते.

इथे एक खाच आहे आणि ती लक्षात ठेवाच. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडच्या पंचांगात पौर्णिमेला. म्हणून पोळा आपल्याकडे श्रावण अमावास्येला आणि छत्तीसगडात तोच दिवस भाद्रपद अमावास्या! उलट छत्तीसगडी शेतकऱ्याचा हरेली सण तिथे श्रावण अमावास्येचा, आणि आपल्याकडे त्या दिवशी आषाढातली दीप अमावास्या. संकेतस्थळ मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत असेल आणि तुम्ही ‘श्रावण अमावास्या’ हे शब्द जसेच्या तसे हिंदीत उतरवलेत, तर सण एक महिना आधी येईल. भाषांतर यंत्राकडून केलं तर ते हे सांगणार नाही. आजी सांगेल.

पान पाचवं: ऐकलेलं

हे पान सर्वांत आधी सुरू करा, कारण ते थांबणार नाही. घरातले पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा पुढच्या वर्षी इतकंच स्पष्ट सांगतील याची खात्री नसते. फोनवर ध्वनिमुद्रण चालू करायच्या आधी विचारा, ‘आजोबा, तुमचं बोलणं टिपून ठेवू का? संकेतस्थळावर टाकलं तर चालेल?’ मुद्रण झाल्यावर त्यांना ऐकवा. एखादी गोष्ट त्यांना नको वाटली तर ती काढा, का म्हणून विचारू नका.

‘पूर्वीचं रायपूर कसं होतं?’ असा प्रश्न विचारलात तर ‘फार छान होतं’ एवढंच उत्तर येईल. प्रश्न लहान आणि ठोस असू द्या:

– रायपूरला पहिल्यांदा आलात तेव्हा स्टेशनवर कोण घ्यायला आलं होतं?
– पहिलं घर कुठे होतं, भाडं किती होतं?
– पाणी कुठून भरायचे?
– पहिला छत्तीसगढी शब्द कोणता शिकलात, कुणाकडून?
– गोल बाजारात कोणत्या दुकानात उधारी चालायची?
– गावाकडे पत्र किती दिवसांत पोचायचं?

अर्ध्या तासाचं मुद्रण पुरे. त्यातला पाच मिनिटांचा भाग पानावर टाका आणि खाली तो लिहूनही द्या. ज्यांना ऐकू येत नाही आणि ज्यांचा फोन प्रवासात अडखळतो, अशा दोघांचीही सोय होते. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळासारख्या ठिकाणी जुनी मंडळी भेटतात. आपल्या घरात आजी-आजोबा नसतील, तर मोठ्यांना बरोबर घेऊन तिथे जा.

दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिल्या असतील तर?

असं होणारच. जयस्तंभ चौकाचं उदाहरण घ्या. सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याच्या कोठारातलं धान्य उपाशी लोकांना वाटलं. १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी त्यांना रायपुरात मृत्युदंड दिला. बहुतेक ठिकाणी फाशी दिली असं लिहिलेलं असतं आणि जागा म्हणून जयस्तंभ चौक सांगतात. पण १९८७ मध्ये टपाल खात्याने काढलेल्या त्यांच्या तिकिटावर ते तोफेपुढे बांधलेले दाखवले आहेत.

अशा वेळी एक बाजू निवडून दुसरी लपवू नका. ‘अमुक ठिकाणी असं लिहिलं आहे, तमुक ठिकाणी तसं दाखवलं आहे’ असं सरळ लिहा. प्रत्येक पानाखाली ‘हे मला कुठून कळलं’ अशी एक ओळ ठेवा: पुस्तक, फलक, संग्रहालय की शेजारचे काका. शहरात महंत घासीदास संग्रहालय आहे. त्याची स्थापना १८७५ ची, म्हणजे देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी ते एक. एक अख्खी दुपार तिथे काढा. जुन्या नियतकालिकांसाठी भोपाळला माधवराव सप्रे यांच्याच नावाचं समाचारपत्र संग्रहालय आहे.

भाषा आणि अक्षरं

मराठीत आपण ‘रायपूर’ लिहितो, हिंदीत ‘रायपुर’. डोळ्यांना फरक किरकोळ आहे, पण शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. म्हणून मराठी पानावरही हिंदी रूप निदान एकदा येऊ द्या. ‘छत्तीसगड’, ‘छत्तीसगढ’ आणि ‘छत्तीसगढ़’ यांचंही तसंच. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या फोनवर अगम्य चिन्हं होऊन बसतं. मुक्त, नोटो असे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. आणि एक पान तरी छत्तीसगढीत असू द्या. वर्गातल्या मित्राला लिहायला सांगा आणि त्याचं नाव त्याच्या परवानगीने खाली द्या.

परवानगी आणि सुरक्षितता

आई-बाबा, हा भाग तुमच्यासाठी. संकेतस्थळाचं खातं पालकांच्या किंवा शिक्षकांच्या नावाने उघडा. मुलांचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, फोन नंबर, शाळेच्या गणवेशातला फोटो, यातलं काहीही पानावर नको. फोनने काढलेल्या फोटोत जागेची नोंद लपलेली असते. घरात काढलेल्या फोटोंतून ती काढून टाका. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. तो नियम घरातूनच पाळायला लागा.

दुसऱ्याचे फोटो उचलू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. सप्रेंचं लेखन त्या बंधनातून केव्हाच मोकळं झालं आहे, ते तुम्ही वापरू शकता. कालच्या वर्तमानपत्रातला फोटो मात्र नाही. विकिमीडिया कॉमन्सवर मोकळे फोटो मिळतात, पण तिथेही फोटो काढणाऱ्याचं नाव आणि परवान्याची अट वाचा. खरं तर स्वतःच सकाळी सातला बुढा तलावावर जाऊन काढलेला फोटो सर्वांत चांगला.

आणखी एक हिशेब. फोनमधला एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. असे ४० फोटो म्हणजे १६० एमबी. गावाकडच्या मावशीच्या फोनवर ते पान उघडणारच नाही. प्रत्येक फोटो २०० केबीपर्यंत लहान केला, तर सगळे मिळून ८ एमबीत बसतात.

सहा आठवडे

पहिला: घरात चर्चा, मोहल्ला आणि प्रश्न ठरवणं, पहिली मुलाखत.
दुसरा: पायी फेरी, फोटो, नावांची यादी.
तिसरा: संग्रहालय, ग्रंथालय, दुसरी मुलाखत.
चौथा: लेखन. प्रत्येक पान ३०० शब्दांच्या आत, आधी कागदावर.
पाचवा: पानं चढवणं. गुगल साइट्स किंवा वर्डप्रेससारखी फुकट सोय पुरेशी आहे.
सहावा: ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना दाखवणं, चुका दुरुस्त करणं, मग शाळेत देणं.

पाचवा आठवडा पहिला करू नका. रंग आणि सजावट निवडण्यात दोन आठवडे जातात आणि मजकुरासाठी एक रात्र उरते.

आणि मग ते टिकवा

१९८६ मध्ये इंग्लंडमध्ये बीबीसीने एक मोठा प्रकल्प केला. तिथल्या राजाने १०८६ मध्ये केलेल्या ‘डूम्सडे बुक’ नावाच्या जमीन-मोजणीला ९०० वर्षं झाली होती. देशाचे चार किलोमीटर बाय तीन किलोमीटरचे चौकोन पाडले, आणि हजारो शाळांतल्या मुलांनी आपापल्या चौकोनात काय दिसतं, लोक काय करतात, काय खातात ते लिहिलं. सगळं लेझर डिस्कवर साठवलं. काही वर्षांतच त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मिळ झाली, आणि पुढे ती माहिती वाचवण्यासाठी तज्ज्ञांना खटपट करावी लागली. २०११ मध्ये बीबीसीने ती इंटरनेटवर पुन्हा आणली. चर्मपत्रावर लिहिलेलं १०८६ चं मूळ पुस्तक मात्र आजही वाचता येतं.

यातून घ्यायचं ते असं. संकेतस्थळ पुरं झालं की त्याची एक प्रत इंटरनेट आर्काइव्हवर जतन करा. तिथे पानाचा पत्ता दिला की त्या दिवसाची प्रत साठवली जाते. मुलाखतींची मूळ मुद्रणं घरातल्या दोन ठिकाणी ठेवा आणि फाइलला नाव, तारीख द्या. आणि पाचही पानं छापून, टाचून आजोबांच्या हातात द्या. त्यांना लिंक नको असते.

शाळेचे गुण महिन्याभरात विसरले जातील. पण आणखी वीस वर्षांनी कुणीतरी ‘तात्यापाऱ्याचे तात्या कोण?’ असं शोधेल, तेव्हा तुम्ही लिहून ठेवलेली तीन उत्तरं त्याला सापडली पाहिजेत. या आठवड्याचं काम एवढंच: फोन उचला, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि विचारा, ‘स्टेशनवर कोण घ्यायला आलं होतं?’